सल्ला हवा: १९९२च्या वर्गासाठी काल्पनिक स्पोर्ट्सकार, ४५,०००च्या आत

निळी_रेघ
नमस्कार मंडळी. मित्रमंडळींच्या स्पर्धेसाठी ऑटोमेशनमध्ये (गाड्या बांधायच्या संगणकखेळात) एक गाडी बांधते आहे. पुढच्या रविवारी फाइल द्यायची आहे. नियम असे: मॉडेल वर्ष १९९२, किंमत खेळातल्या चलनात जास्तीत जास्त ४५,०००, ९५ ऑक्टेनचं अनलेडेड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा, रिलायबिलिटी (भरवशाचा आकडा) किमान ५५. गाडी बीमएनजी या गाड्या चालवायच्या खेळात संगणकाचा चालक १० फेऱ्या चालवणार. सर्वांत लांब सरळ पट्टा ९०० मीटर. १०० पैकी ४० गुण दिसण्याला.

सध्याची अवस्था: इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. इनलाइन सहा (एका ओळीत सहा सिलिंडर), बोअर नि स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास नि पिस्टनची धाव) ८८ × ८० मिमी, म्हणजे २९१९ सीसी, बिडाचा ब्लॉक, टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नाही, ७४०० आरपीएमला २६० पीएस (अश्वशक्ती), लाल रेषा (इंजिन फिरण्याची मर्यादा) ७८००. वजन १३४० किलो, पुढे ५४ मागे ४६. टायर २३५/४५ आर१७. सहा गिअर, फायनल (अॅक्सलपाशीचं गुणोत्तर) ३.३, सहावा ०.८०. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पॉप-अप हेडलाइट.

अडचणी तीन. किंमत ४७,३०० होते आहे. ब्रेक लावत वळणात शिरताना मागची बाजू सुटते. आणि सहाव्या फेरीपासून ब्रेक मंदावतात. काय कापू, काय ठेवू?

लाल_रेषा
इनलाइन सहा सोडा आणि ट्विन टर्बो व्ही८ घ्या. फेरारी एफ४० ने १९८७ सालीच २.९ लिटरमधून ४७८ पीएस काढले होते, म्हणजे वर्षाची अडचण नाही. माझ्याकडे तयार व्ही८ आहे, ३.० लिटर, ४४० पीएस, कार्बन पॅनेलसकट गाडी ११९० किलो. किंमत ५८,००० येते, पण वेळ बघाल तर बाकी काही बघणार नाही.

निळी_रेघ
मर्यादा ४५,००० आहे हो. ५८,००० वाली गाडी तपासणीतच बाद होईल.

चारसिलिंडर
टर्बो हवाच, पण व्ही८ कशाला? चार सिलिंडर, ८६ × ८६, १९९८ सीसी, बिडाचा ब्लॉक, कॉम्प्रेशन ८.५, बूस्ट (टर्बोचा दाब) ०.९ बार. २८० पीएस आरामात. पुढचं वजन एकदम ४० किलोने उतरतं. ९५ ऑक्टेनवर कॉम्प्रेशन ९च्या वर नेऊ नका, नॉक (इंधनाचा अवेळी भडका) सुरू होतो. मग इग्निशन मागे घ्यावं लागतं आणि मिळवलेली ताकद एक्झॉस्टच्या उष्णतेत जाते. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) मोठा घ्या, पण त्यासाठी पुढचं तोंड उघडं ठेवावं लागेल हे शरीर निवडतानाच बघा.

गिअर_गणित
टर्बो, व्ही८ हे नंतर. आधी तुमचे गिअर बघा, फुकटचा वेळ तिथेच पडलाय.

२३५/४५ आर१७चा व्यास: रिम ४३१.८ मिमी, अधिक साइडवॉल दोनदा (२३५च्या ४५ टक्के म्हणजे १०५.७५). बेरीज ६४३.३ मिमी, घेर २.०२ मीटर. तुमचं एकूण गुणोत्तर ३.३ × ०.८० = २.६४. म्हणजे ७४००ला सहाव्या गिअरमध्ये गाडी ३४० किमी वेगाने जायला हवी. ती जाणार नाही. २६० पीएस म्हणजे १९१ किलोवॅट, त्यातले चाकापर्यंत पोचतात साधारण १६६. ड्रॅग ०.३६ आणि समोरचं क्षेत्रफळ १.९५ चौरस मीटर धरलं तर हवा नि टायर मिळून २५६ किमीला सगळी ताकद खाऊन टाकतात. आणि ९०० मीटरच्या पट्ट्यावर तेवढाही वेग येणार नाही, सव्वादोनशेच्या आसपास ब्रेक लागेल.

म्हणून: पाच गिअर, फायनल ४.१, शेवटचा ०.९८. ७४००ला २२३, लाल रेषेला २३५. मधले २.९०, २.०५, १.५५, १.२२. अंतरं वर जाताना कमी होत गेली पाहिजेत, कारण वरच्या वेगाला हवेचा विरोध वाढलेला असतो आणि आरपीएम जास्त पडले की गाडी दमते. दुसऱ्यातून तिसऱ्यात ७८००वरून ५९०० येतात, चौथ्यातून पाचव्यात ६३००. सहावा गिअर काढल्याने पैसेही वाचतील.

मधले_इंजिन
गिअर बरोबर आहेत, पण मुळात इंजिन पुढे का? मागच्या अॅक्सलच्या पुढे ठेवा, ४२/५८ वाटणी मिळते. ब्रेकिंगमध्ये वजन पुढे सरकल्यावर पुढे साधारण ६१ येतं, म्हणजे चारही टायर काम करतात. वळणातून बाहेर पडताना पकड मिळते ती वेगळीच. १३४० किलोला पुढच्या इंजिनाची गाडी म्हणजे ट्रकच.

गिअर_गणित
ट्रक नाही हो. मधल्या इंजिनाला पुढे २०५ नि मागे २३५ असे वेगळे टायर लागतात, रेडिएटरची नळी आख्ख्या गाडीतून न्यावी लागते किंवा बाजूने हवा घ्यावी लागते, आणि इनलाइन सहा आडवं सहज बसत नाही. सगळी गाडी नव्याने काढावी लागेल. शिवाय संगणकाचा चालक वळणाच्या मध्यात एकदम थ्रॉटल सोडतो. ४२/५८च्या गाडीला तिथेच गिरकी बसते.

व्ही६_प्रेमी
मग व्ही६ घ्या की. ६० अंशांचा व्ही६ इनलाइन सहापेक्षा कितीतरी आखूड. इंजिन मागे सरकवून ५१/४९ सहज येईल.

लाल_रेषा
व्ही६ ला कसला आवाज! त्यापेक्षा फ्लॅट-प्लेन (क्रँकचे हात एकाच प्रतलात) व्ही८. क्रँकवर जड काउंटरवेट नाहीत, लगेच फिरतो.

व्ही६_प्रेमी
फ्लॅट-प्लेनला दुसऱ्या क्रमाची (क्रँकच्या दुप्पट वेगाची) थरथर असते, दोन चार-सिलिंडर एकत्र जोडल्यासारखी. क्रॉस-प्लेनमध्ये (हात काटकोनात) ती जाते, पण क्रँक जड होतो. दोन्ही एकदम मिळत नाही.

गिअर_गणित
अवांतर होतंय. पण आलंच आहे तर: इनलाइन सहामध्ये पहिल्या आणि दुसऱ्या क्रमाचे बल नि मोमेंट दोन्ही आपोआप मिटतात. व्ही६ मध्ये डोलण्याचा मोमेंट उरतो, त्यासाठी काहींत बॅलन्स शाफ्ट लावतात. त्यातून बीएमडब्ल्यूच्या १९९२च्या एम३ चं तीन लिटर इनलाइन सहा २८६ पीएस देत होतं, टर्बोशिवाय. म्हणजे निळी_रेघ यांचं इंजिन काळाला धरूनच आहे. पिस्टनचा सरासरी वेगही बघा: २ × ०.०८० × ७८०० ÷ ६० = २०.८ मीटर प्रतिसेकंद. होंडा एस२०००चं पहिलं इंजिन ८४ मिमी स्ट्रोकवर ९००० फिरायचं, म्हणजे २५.२. साध्या फोर्ज्ड कनेक्टिंग रॉडवर २०.८ला रिलायबिलिटी पडणार नाही. तिथे टायटॅनियमवर एक पैसा घालू नका.

नवा_चालक
+१ टर्बोला. टर्बोशिवाय २६० पीएस कमीच आहेत.

ब्रेकपॅड
मूळ प्रश्नातल्या तीनपैकी दोन अडचणी ब्रेकच्या आहेत आणि त्यावर एक शब्द नाही कुणाचा.

निळी_रेघ, ब्रेकची पुढची-मागची वाटणी किती आहे? आणि गुरुत्वमध्याची उंची, व्हीलबेस?

निळी_रेघ
६०/४०. उंची ४८० मिमी, व्हीलबेस २५५०. पुढच्या डिस्क ३०० मिमी, हवेशीर. मला वाटलं मागच्या सस्पेन्शनमुळे सुटते, म्हणून मागचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) दोनदा मऊ केला. फरक पडला नाही.

ब्रेकपॅड
पडणार नाही, कारण दोष तिथे नाहीच. १ जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराच्या) ब्रेकिंगला पुढे सरकणारं वजन म्हणजे उंची भागिले व्हीलबेस: ४८० ÷ २५५० = ०.१९. तुमच्या ५४ मध्ये १९ मिळवा, पुढे ७३, मागे फक्त २७. आणि तुम्ही मागच्या चाकांना ४० टक्के ब्रेक देता आहात. टायरची पकड १ धरली तर ०.७८ जीला मागची चाकं लॉक होतात, पुढच्यांची ताकद शिल्लक असतानाच. लॉक झालेलं चाक बाजूची पकड सोडतं, चालकाने स्टिअरिंग वळवलेलं असतं, मागची बाजू निघून जाते.

वाटणी ७५/२५ करा. मग पुढची चाकं आधी लॉक होतात, तीही ०.९६ जीला. गाडी सरळ जाईल, फिरणार नाही. एबीएस न घेता एवढ्याने काम होतं. मागचा बार मूळ जागी न्या, तो मऊ करून तुम्ही नुसता अंडरस्टिअर (पुढून कमी वळणं) वाढवलाय.

आता मंदावण्याचं. २२५वरून ८०वर येताना १३४० किलोची गाडी २.२९ मेगाज्यूल ऊर्जा डिस्कमध्ये ओतते. ७५ टक्के पुढे म्हणजे एका डिस्कला ०.८६. आठ किलोची बिडाची डिस्क एवढ्यात साधारण २२० अंश सेल्सिअसने तापते, एकाच ब्रेकिंगमध्ये. पुढच्या ब्रेकपर्यंत ती निवली नाही की दर वेळी वरून सुरुवात, सहाव्या फेरीला पॅड हात टेकतात. लक्षात घ्या, वाटणी पुढे नेली की पुढच्या डिस्क अजून तापणार. म्हणून दोन्ही बदल एकत्रच करा. डिस्क ३२५ मिमी, १७ इंची रिमच्या आत कॅलिपरसकट बसते, ३४०ला अडकेल. ब्रेककडे जाणारी हवा वाढवा, थोडा ड्रॅग वाढू द्या. पॅड फार कडक घेतले तर आराम आणि चालवण्याची सोय दोन्ही आकडे खाली येतात, मधले ठेवा.

मधले_इंजिन
मधल्या इंजिनाला हा प्रश्नच आला नसता.

ब्रेकपॅड
आला असता. वाटणीचा आकडा ६१च्या जवळ ठेवावा लागला असता, एवढाच फरक. आकडा गाडीप्रमाणे काढायचा असतो.

चारसिलिंडर
अॅल्युमिनियम ब्लॉक तरी घ्या. बिडाचा ब्लॉक या किमतीला शोभत नाही, पुढे ३५ किलो फुकट वाहताय.

व्ही६_प्रेमी
अनुमोदन. बीड काढा.

नवा_चालक
अॅल्युमिनियम ब्लॉकला +१. आणि पॉप-अप लाइटही काढा, मोटर नि बिजागरी मिळून उगाच वजन.

पत्राकाम
४० गुण दिसण्याला आहेत, त्यावर कुणीच बोलेना. बॉनेटवरच्या जाळ्या कुठे लावल्या आहेत? बहुतेक जण काचेच्या पायथ्याशी लावतात. तिथे हवेचा दाब जास्त असतो, हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरते. परीक्षकांतल्या जाणत्याला ते लगेच दिसतं. रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या भागात लावा, तिथे दाब कमी असतो.

बाकी: दिवे पत्र्यात बसलेले दिसले पाहिजेत, वर चिकटवलेले नाही. त्यासाठी आधी काळी खोबण, तिच्या आत दिवा, वरून काच, असे तीन थर. पॉप-अप ठेवणार असाल तर झाकणाची रेघ बॉनेटच्या कडेला समांतर ठेवा. दोन अंश तिरकी गेली तरी मागून तीन-चतुर्थांश कोनातून डोळ्यात खुपते. पुढचा फोटो सगळे जपतात, मागचा बंपर ओका राहतो. नंबर प्लेटची खाच, एक्झॉस्टभोवती कापलेली जागा, टो हूकचं झाकण, एवढ्याने तो भरतो. भलामोठा विंग लावू नका. १९९२च्या रस्त्यावरच्या गाडीला बेताचा स्पॉइलर शोभतो, आणि २२० किमीच्या ट्रॅकला त्याहून जास्त डाउनफोर्सचा (हवेने गाडी खाली दाबण्याचा) उपयोगही नाही.

लाल_रेषा
विंगशिवाय मजा नाही. माझ्या व्ही८ ला दुमजली आहे.

पंच
नियमांबद्दल दोन खुलासे. क्वालिटी स्लायडर (भागाचा दर्जा वरखाली करायची पट्टी) कुठेही +५च्या वर चालणार नाही. इंजिन फॅमिलीचं वर्ष १९९२च्या आधीचं चालेल, नंतरचं नाही. गेल्या खेपेला दोन गाड्या नेमक्या यावर बाद झाल्या. फाइल देण्याआधी टेकपूल (खेळातली तंत्रज्ञानाची आगाऊ पातळी) मूळ आकड्यावर आहे ना तेही बघा.

गिअर_गणित
क्वालिटीवरून आठवलं. निळी_रेघ, तुमचं इंटिरिअर किती क्वालिटीवर आहे? स्लायडरच्या वरच्या पायऱ्या खालच्यांपेक्षा महाग पडतात. दहा फेऱ्यांच्या शर्यतीत इंटिरिअर शून्यावर आणा, वाचलेलं ब्रेक आणि कूलिंगला द्या. स्प्रिंगचंही बघून घ्या: पुढे चाकापाशी ४६ न्यूटन प्रतिमिमी म्हणजे १.९ हर्ट्झ येतात (एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेललेलं साधारण ३२२ किलो वजन धरून). मागे २.१ ठेवा. याहून कडक केलं तर कडेच्या पट्टीवरून जाताना चाक उचलतं.

निळी_रेघ
सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळं लावून पाहिलं.

ब्रेक ७५/२५, डिस्क ३२५, मागचा बार मूळ जागी. वळणात शिरताना आता गाडी सुटत नाही, दहाही फेऱ्यांना. सहावा गिअर काढला, ६०० वाचले. रिम फोर्ज्डच्या कास्ट केल्या, ७०० वाचले, चाकामागे वजन थोडं वाढलं. इंटिरिअर +४ वरून शून्यावर, १,५०० वाचले. डिस्क आणि हवेची वाट २५०ला पडली. एकूण ४४,७५०.

अॅल्युमिनियम ब्लॉक करून बघितला: १,१०० जास्त, म्हणजे ४५,८५०. त्यासाठी डिस्क परत लहान कराव्या लागत होत्या. बीड ठेवते. टर्बो नाही, इंजिन पुढेच. पॉप-अप लाइटही ठेवते आहे. खालून वर येताना त्या गाडीचा चेहरा पूर्ण होतो, आणि ४० गुण दिसण्याला आहेतच. जाळ्या मात्र पुढे सरकवल्या. मागच्या बंपरचा फोटो खाली लावलाय, बघून सांगा.

चारसिलिंडर
टर्बो नाही ते नाहीच. ठीक आहे, पण बीड म्हणजे चूक करताय.

पत्राकाम
मागून छान झाली आहे, खाच बरोबर बसली. पेट्रोलच्या टाकीचं झाकण राहिलंय, उजव्या मागच्या फेंडरवर लावा. गोल घेतलंत तर टेललाइटच्या गोलाशी जुळेल.