आग लागली तर आईला अकराव्या मजल्यावरून खाली कसं आणायचं?

रहाटणीकर:
आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, घरातल्या घरात वॉकर घेऊन चालते पण जिने उतरणं शक्यच नाही. गेल्या आठवड्यात पार्किंगमधल्या मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झालं, वॉचमनने मेन स्विच पाडला म्हणून निभावलं, पण धूर जिन्याने पाचव्या मजल्यापर्यंत चढला आणि तरी लोक लिफ्टपाशी गोळा झालेले. मी हिंजवडीला ऑफिसात, घरी आई आणि बायको दोघीच. तेव्हापासून झोप नाही. अशा वेळी उचलून खाली आणायचं का घरातच थांबायचं, कोणीतरी नीट सांगा प्लीज

कात्रजचा_मी:
दादा मी फायर सेफ्टीच्या कामात आहे. लिफ्ट नाही म्हणजे नाहीच, लाइट गेली की मधेच अडकते आणि लिफ्टच्या डक्टमधून धूर वर चढतो. दार उघडायच्या आधी हाताच्या उलट्या बाजूने चाचपून बघायचं. दार गार आहे, जिन्यात धूर नाही, तर उतरवा. गरम लागलं किंवा फटीतून धूर येतोय तर दार उघडायचंच नाही, खाली ओले टॉवेल कोंबायचे, आईंना घेऊन रस्त्याच्या बाजूच्या खोलीत जायचं, मधली सगळी दारं लावून घ्यायची आणि १०१ ला फोन करून विंग, मजला, फ्लॅट नंबर आणि "चालता न येणारं माणूस आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. आगीत माणसं भाजण्यापेक्षा धुराने गुदमरून जास्त जातात, म्हणून धुरातून आईंना उचलून नेण्याचं धाडस नको. अकरा मजले म्हणजे २४ मीटरच्या वर, रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला राखलेली मोकळी जागा, असायलाच हवा. कुठल्या मजल्यावर आहे आणि कुलूप तर नाही ना ते आजच बघा.

सिंहगडरोड_ताई:
मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. कमिटीकडे फॉर्म बी मागा. २००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने सोसायटीला लायसन्सवाल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा हा दाखला घ्यावा लागतो. पण कागदावर थांबू नका, हायड्रंटचा, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाचा, व्हॉल्व्ह समोर उघडून पाणी येतंय का बघा, पंप ऑटोवर आहे का मॅन्युअलवर तेही बघा. आणि जिन्याचं फायर डोअर हवा येते म्हणून वीट लावून उघडं ठेवतात ना, मला त्याचा फार राग येतो, ते दार धूर अडवायलाच असतं हो! चपलांचे रॅक, सायकली, कुंड्या सगळं जिन्यातून काढायला लावा, कोणी नाराज झालं तर होऊ दे. खिडक्यांना बॉक्स ग्रिल असेल तर एक तरी भाग उघडणारा हवा आणि किल्ली तिथेच टांगलेली.

रहाटणीकर:
खूप आभार दोघांचे. रविवारी मीटिंगमध्ये विषय काढतोच. आणि जिना मोकळा असला तर उतरवायचं कसं, शेजारची दोन मुलं तयार आहेत, प्लास्टिकची खुर्ची चालेल का?

कात्रजचा_मी:
प्लास्टिकची नको, पाय मोडतो. चाकं नसलेली मजबूत लाकडी किंवा लोखंडी घ्या, आईंना ओढणीने छातीपाशी आणि कमरेला बांधा, तोंड उताराकडे, एकाने पाठ धरायची, दुसऱ्याने पुढचे पाय. खुर्ची थोडी मागे कललेली ठेवा. आधी आईंना नाही, मुलांपैकीच एकाला बसवून तुम्ही हात लावा आणि एक मजला उतरून बघा, वळणावर किती जागा लागते ते तेव्हाच कळेल. दुपारी घरी कोण कोण असतं तेही विचारून ठेवा, मुलं कॉलेजात असतील तर दुसरी दोन माणसं लागतील.