एमआरआय नॉर्मल, मग मेंदूत ल्यूपस नाहीच का?

अक्कलकोट रोड: धाकटी बहीण, वय २६, चार वर्षांपासून ल्यूपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. आपलं सोलापूरचं ऊन तिचं वैरी, गालावर लगेच चट्टे उठतात. चादरीच्या दुकानात तोंडी हिशेब करणारी ही मुलगी, दोन महिन्यांपासून तिला साधी बेरीज जमेना. बोलता बोलता शब्द हरवतो. एमआरआय नॉर्मल आला आणि एका डॉक्टरांनी 'मनाचं आहे, लग्नाचं बघा' म्हणून घरी धाडलं. हे मला मान्य नाही. ल्यूपसमधल्या मेंदू-मज्जातंतूंच्या तक्रारींची १९९९ साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी यादी केली, त्यात १९ प्रकार आहेत. फिट, स्ट्रोक आहेत, तसं नैराश्य, भ्रम, विस्मरणही आहे. विस्मरण फोटोत कसं दिसणार?

रेडिओलॉजी, सात रस्ता: ताई, डॉक्टरांचं ते बोलणं चूकच. पण राग एमआरआयवर काढू नका. ल्यूपस मेंदूत असूनही एमआरआय नॉर्मल येतो, हे आम्ही रोज बघतो. उलटही होतं: एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या चित्रावर पांढरे ठिपके दिसतात आणि ते बीपीचे किंवा मायग्रेनचे निघतात. तरी तपासणी लागतेच. रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (गुठळ्यांचा धोका वाढवणारी प्रथिनं) असेल तर गुठळी होऊ शकते, ताजा स्ट्रोक एमआरआयच्याच डिफ्युजन नावाच्या चित्रावर लख्ख दिसतो आणि तिथे रक्त पातळ करायचं औषध लागतं. सूज असेल तर स्टेरॉइड. न बघता प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड वाढवलं आणि आत टीबीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) निघाला, तर?

अक्कलकोट रोड: करू नका असं कुठं म्हणते मी? तिथंच थांबू नका म्हणते.

पूर्व भाग: माझं दोघांपेक्षा वेगळं. आमच्या आईला रात्रभर झोप नाही, भिंतीशी बोलायची. सगळे म्हणाले ल्यूपस डोक्यात गेला. निघालं काय, तर स्टेरॉइडच्या मोठ्या डोसाचा परिणाम. डोस हळूहळू उतरवला, आई माणसात आली. ल्यूपस आहे म्हणून प्रत्येक गोष्ट त्याच्याच माथी मारायची, यानंही पेशंट मरतो. थायरॉइड, बी-१२, सोडियम बघितलं का?

रेडिओलॉजी, सात रस्ता: हे महत्त्वाचं. आणि स्मरणशक्तीची रीतसर चाचणी करून घ्या, तासभर बसून करतात. तिचा कागद फिल्मपेक्षा जास्त बोलेल.

अक्कलकोट रोड: थायरॉइड, बी-१२ कुणी सांगितलंच नव्हतं. उद्या रक्त देतो. स्टेरॉइड तिचं ५ मिलिग्रॅमवरच आहे, त्याचं हे वाटत नाही. रिपोर्ट चांगले आले तरी 'मनाचं' हा शब्द मी पुन्हा ऐकून घेणार नाही.