मदत हवी आहे : गुडघ्याची वाटी बदललेले बाबा, सहा वर्षांचा मुलगा आणि कान्हेरी

नमस्कार. आम्ही ठाण्यात राहतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कला एक दिवस जायचं आहे, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. येऊर आम्हाला जवळ पडतं, तेही त्याच जंगलाचं अंग. पण कान्हेरीची लेणी, मुलांना हुंदडायला मोकळी जागा आणि बाकी सोयी सगळ्या बोरिवलीकडून, म्हणून तिकडूनच जायचा विचार आहे.

बाबा ७२ वर्षांचे. प्राथमिक शिक्षक होते, दर हिवाळ्यात वर्गाची सहल कान्हेरीला न्यायचे. तिसऱ्या लेण्यातले खांब मोजायला लावायचे आणि ३४ आल्याशिवाय डबा उघडू द्यायचे नाहीत. मीही मोजलेत! २०२४ साली तिथल्या जंगलातली कारवीची झुडपं फुलली तेव्हा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे जाता आलं नाही. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, त्यामुळे ती चुटपुट त्यांच्या मनातून जात नाही. आता ते काठी घेऊन सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालतात. पायऱ्या चढतात, पण कठडा लागतो आणि उतरताना जास्त त्रास होतो.

मुलाला माकडं बघायची आहेत आणि मला त्यांचीच धास्ती आहे. मागच्या खेपेला एका माकडाने माझ्या हातातली पिशवी ओढून नेली, तेव्हापासून तोही दचकतो.

अलीकडे कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर कृपया सांगा :
मुख्य दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आहेत, ते अंतर बाबांना कसं न्यावं? तिसऱ्या लेण्यापर्यंत किती चढावं लागतं? बिबट्याची भीती कितपत बाळगावी? आणि ठाण्याहून लोकलने गेलो तर दादरचा पूल चढावा लागेल, तो टाळता येईल का?

प्रतिसाद १
ताई, दादर पूर्ण टाळा. ठाण्याहून घोडबंदर मार्गे बोरिवलीला बस जाते, हायवेवर उद्यानाच्या दाराजवळ उतरता येतं. सकाळी लवकर निघा, घोडबंदरला उशीर केलात तर अडकाल. सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात. शनिवार-रविवार गर्दी फार, जमल्यास मधला वार घ्या.

दारापासून कान्हेरीपर्यंत बाबांना चालवू नका. आतल्या गाडीने जा. लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, ते वर काढावं लागतं.

प्रतिसाद २
माझ्या आईला संधिवात आहे. तिला मागच्या जानेवारीत नेलं होतं, म्हणून सांगते. सुरुवातीच्या पायऱ्या चढल्या की पहिली तीन लेणी लागूनच आहेत. बाबांना तिथवरच न्या. सावकाश, दर आठ-दहा पायऱ्यांना थांबत. उतरताना एकाने त्यांच्या पुढे एक पायरी खाली राहायचं, मागे नाही. आम्हाला याचा फार उपयोग झाला. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना भल्यामोठ्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत, आत स्तूप, आणि उन्हातही गारवा. आई तिथे तासभर बसली. तोवर आम्ही मुलांना वरची लेणी दाखवून आणली. वर खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी, जागोजागी आहेत, तिथे मुलाचा हात सोडू नका.

दुपारी काळा कातळ तापतो, त्यामुळे अकराच्या आत वर पोहोचलेलं बरं. पावसाळ्यात शेवाळ असतं, तेव्हा बाबांना नेऊच नका.

प्रतिसाद ३
माकडांसाठी : हातात पिशवी नको, पाठीवरची सॅक आणि चेन पूर्ण लावलेली. प्लॅस्टिकची पिशवी वाजली की ती येतात. लेण्यांपाशी डबा उघडूच नका. मुलाला सांगा, माकडाकडे रोखून बघायचं नाही, दात दाखवून हसायचं नाही आणि पळायचं नाही. खायला तर काहीच द्यायचं नाही. माणसांनी दिलेल्या शेंगा-बिस्किटांमुळेच ती अंगावर येतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बिबटे आहेत, त्यांचं घरच आहे ते. दिवसा वर्दळीच्या रस्त्यावर सहसा येत नाहीत. मूल मागे रेंगाळू देऊ नका, झाडीत शिरू देऊ नका आणि अंधार पडायच्या आत दाराबाहेर पडा.

आणि कारवीबद्दल. फुललेली झाडं वाळून मरतात, पण बी पडून त्याच जागी नवी रोपं उगवतात. कान्हेरीच्या रस्त्याच्या कडेच्या उतारांवर बाबांना ती ओळखू येतील. नातवाला दाखवायला सांगा. २०३२ साली तीच फुलायची.

धागाकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. बाबांना तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. रोपांचं ऐकल्यावर त्यांनी मुलाला जवळ घेऊन विचारलं, "२०३२ ला तू कितवीत असशील रे?" दोघांनी बोटांवर मोजलं, आठवी आली. येत्या बुधवारी सकाळच्या बसने निघतोय. ओसरीतला उंबरठा बाबांच्या काठीला अवघड जाईल का, एवढंच प्रतिसाद २ वाल्या ताईंनी सांगावं.