मदत हवी आहे: बाजाररस्त्यावरची आरपार वाहतूक तोडायची आहे, पण दुचाकींचं काय?

रस्ता 400 मीटर लांब, 9 मीटर रुंद, दोन्ही टोकांना मोठे चौक. दोन्हीकडे नंबरप्लेट टिपून जुळवल्या. आत शिरलेली निम्म्याहून जास्त वाहनं पाच मिनिटांत पलीकडे बाहेर पडतात. त्यांना बाजारात कामच नाही, सिग्नल चुकवायचा असतो.

एकेरी वाहतूक करून पाहिली. समोरून कोणी येत नाही म्हटल्यावर वेग उलट वाढला. गतिरोधकांनी फक्त आवाज वाढवला. प्रवेशबंदीच्या पाटीला कोणी जुमानत नाही.

आता रस्ता मधोमध खांबांनी तोडायचा विचार आहे. बेल्जियममधल्या गेंट शहराने 2017 मध्ये याच तत्त्वावर विभाग पाडले: प्रत्येक दुकानापर्यंत गाडी पोचते, आरपार मात्र जात नाही. मालाच्या गाड्यांसाठी सकाळी 7 ते 10 ठरलंय, वळायला जागा आहे. अग्निशमनाच्या गाडीसाठी मधले खांब किल्लीने काढता येतील, म्हणजे 3.7 मीटर मोकळे मिळतात. बस या रस्त्याने जात नाही.

अडलंय ते इथे. खांबांमध्ये 1.4 मीटर अंतर ठेवलं तर चारचाकी अडते; सायकल, व्हीलचेअर जाते, पण मोटरसायकलही सुसाट जाते. अंतर कमी केलं किंवा नागमोडी कठडे लावले, तर आधी व्हीलचेअर आणि मालवाहू सायकलच अडकते. ते मला अजिबात मान्य नाही. कॅमेरा आणि दंडाचे अधिकार सध्या नाहीत.

खांबांची जागा, फरसबंदी किंवा मांडणी बदलून, व्हीलचेअरची वाट न अडवता, दुचाकींची आरपार ये-जा कोणी प्रत्यक्षात कमी केली आहे का? नेमकी मापं काय ठेवली होती?