सव्वादोन वर्षांचा मुलगा रात्री साडेअकरापर्यंत झोपत नाही, दुपारची झोप बंद करू का?

सायली_क

नमस्कार सगळ्यांना, बरेच दिवस लिहू का नको करत होते, आज लिहितेच. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. गेले दोन-अडीच महिने रात्री साडेअकरा, कधी कधी बारापर्यंत टक्क जागा असतो. मी साडेनऊला खोलीत नेते, दिवा घालवते आणि मग सुरू होतं, पाणी पाहिजे, मग शू, मग ती उशी नको दुसरी पाहिजे, मग त्याच्या कापडी बदकाला पण पाणी पाहिजे, मग गोष्ट, मग तीच गोष्ट परत, आणि मी दमून मध्येच एखादं वाक्य गाळलं की उठून बसतो, म्हणतो "आई, ससा राहिला". शेवटी मी आधी झोपते की तो हेच मला कळत नाही.

दिवस असा असतो. सकाळी आठला मी कसाबसा उठवते कारण साडेआठला मला निघायचं असतं. दिवसभर सासूबाई सांभाळतात. दुपारी अडीच-पावणेतीनला झोपतो ते साडेपाचलाच उठतो. मी साडेसहाला येते. नवरा नऊला येतो, दाराचा आवाज आला की याला उधाण येतं, पुढचा अर्धा तास नुसती पळापळी, उड्या, खांद्यावर घे.

परवा रात्री मी फार चिडले. पावणेबारा झाले होते आणि तो पाचव्यांदा बेडवरून उतरला. मी दंडाला धरून जोरात आडवं केलं आणि ओरडले. तो रडला नाही, नुसता बघत राहिला माझ्याकडे, आणि मग रोजच्यासारखा माझा कान धरून झोपला. ते डोक्यातून जातच नाहीये.

आता प्रश्न. दुपारची झोप बंदच केली तर रात्री लवकर झोपेल का? ओळखीच्या एक बाई म्हणाल्या सर्दीचं सिरप अर्धा चमचा देऊन बघ, चार दिवसात सवय लागेल. मी दिलेलं नाही अजून, पण खरं सांगते, परवा रात्री मनात आलं होतं. आणि सासूबाईंना वाईट न वाटता दुपारच्या झोपेबद्दल कसं बोलायचं तेही सांगा, त्या दिवसभर करतात त्याचं, माझी हिंमत होत नाही.

दोघांची_आई

सायली, आधी सिरपचं डोक्यातून काढून टाक. आणि त्या रात्रीचं मनाला इतकं लावून घेऊ नकोस. सकाळी त्याला जवळ घेऊन एवढंच म्हण, काल आई ओरडली, आईचं चुकलं. या वयाच्या मुलांना तेवढं कळतं, मी दोन्ही मुलांना असं सांगत आलेय.

आता झोपेचं. तू दिलेल्या वेळा मी मांडून बघितल्या. रात्री साडेअकरा ते आठ म्हणजे साडेआठ तास, दुपारी पावणेतीन तास, एकूण सव्वाअकरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लहान मुलांसाठी जे सांगितलंय त्यात १ आणि २ वर्षांच्या मुलांना दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते. म्हणजे तुझा मुलगा अगदी कमी झोपतोय असं नाही, तो त्याचा कोटा पूर्ण करतोय, फक्त वाटणी चुकलीये. साडेपाचला झोपून उठलेलं पोर साडेनऊला झोपणारच नाही, चार तासात त्याला झोप कुठून येईल, या वयात दुपारनंतर निदान पाच-सहा तास जागं राहावं लागतं तेव्हा कुठे रात्रीची झोप डोळ्यावर येते.

पण बंद करू नकोस गं. मी मोठ्याची अडीच वर्षांचा असताना केली होती बंद, असाच वैताग येऊन. काय झालं सांगते, पाच वाजले की रडारड, बूट काढला म्हणून रडतो, बूट घातला म्हणून रडतो, आणि सहाला कुठेतरी सोफ्याच्या कोपऱ्यात डोकं टेकवून वीस मिनिटं झोप काढायचा की झालं, रात्री पुन्हा बारा. बहुतेक मुलांना तीन वर्षांपर्यंत तरी दुपारची लागते, काहींना पुढेही. त्यामुळे झोप काढून न टाकता फक्त वर सरकव. साडेबारा-पाऊणला झोपला आणि अडीच-पावणेतीनला उठवला तर बघ रात्री साडेआठ-नऊला डोळे चोळायला लागेल.

पण याची सुरुवात सकाळपासून करायची. आठला उठलेला मुलगा साडेबाराला कसा झोपेल, चार-साडेचार तासच झाले ना. रोज पंधरा मिनिटं लवकर उठव, सातपर्यंत आण, पडदे उघडून भरपूर उजेडात. रविवारी पण तीच वेळ, हे पाळायला सगळ्यात जड जातं पण सगळं यावरच आहे. दुपारची पण तशीच पंधरा-पंधरा मिनिटांनी वर घ्यायची.

आणि एक, जे मला धाकटीच्या वेळी कळलं. साडेनऊला अंथरुणात नेऊन दोन तास झुंजायचं बंद कर. त्याने काय होतं, अंथरूण म्हणजे भांडायची जागा हे डोक्यात बसतं. सध्या तो साडेअकराला झोपतो ना, मग आठवडाभर अकरा-सव्वाअकरालाच ने, तोपर्यंत शांत बसू दे बाहेर. पटकन झोपला दोन-तीन दिवस, की पंधरा मिनिटं अलीकडे. असं करत करत मी धाकटीला पावणेअकरावरून नऊवर आणलं, तीन आठवडे लागले साधारण. उलटं वाटतं ऐकायला, पण झुंज संपली आमची.

अवनीचा_बाबा

मी बाबांच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे मी नऊ-सव्वानऊला यायचो आणि मुलगी वाट बघत असायची. बायको म्हणायची तू आलास की ती पेटते. मला फार वाईट वाटायचं, दिवसभरात तेवढाच वेळ मिळतो पोरीचा आणि तोही चुकीचा ठरतोय.

कृपा करून त्याला "बाबा येण्याआधी झोप" करू नका. आम्ही पंधरा दिवस केलं तसं, ती रडून झोपायची आणि सकाळी मला बघून तोंड फिरवायची. मग आम्ही बदल असा केला की मी आल्यावर हातपाय धुऊन सरळ तिच्या खोलीत जमिनीवर बसायचो, हॉलमध्ये थांबायचंच नाही, दिवा मंद. उचलायचं नाही, उडवायचं नाही. ती तिची पुस्तकं एकेक करून माझ्या मांडीवर आणून ठेवायची. आणि झोपवायचं काम पूर्ण माझ्याकडे घेतलं. पहिले चार दिवस आई आई करून दाराशी बसायची, बायको बाहेर डोळे पुसत बसायची, पाचव्या दिवशी बसली मांडीवर. आणि मस्तीचा वेळ सकाळी, मी अर्धा तास लवकर उठतो, खांद्यावर, घोडा, लपाछपी सगळं तेव्हा. आता ती साडेतीनची आहे, सकाळचं अजून चालू आहे.

सायली, तुमच्या मिस्टरांशी बोला. पाणी, शू, ससा हे सगळं एकटीने सांभाळून माणूस चिडणारच.

मनवा_बालरोग

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे लिहून तपासणी होत नाही, पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

सर्दी-खोकल्याची सिरपं झोपेसाठी देऊ नका, थोडंसं पण नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊ नका असं सांगितलं आणि त्याच वर्षी तिथल्या कंपन्यांनी स्वतःहून बाटलीवर चार वर्षांखाली देऊ नये असं छापायला सुरुवात केली. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट चिडचिडी आणि जास्त जागी होतात. आणि मापात थोडी चूक झाली तर लहान शरीरात त्याचा परिणाम मोठा होतो. तुम्ही दिलं नाही हे फार चांगलं केलंत.

तो रोज घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, झोपेत मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, मानेला खूप घाम येतो का हे दोन-तीन रात्री नीट बघा. आठवड्यातून तीन-चार रात्री घोरत असेल, सर्दी नसताना, तर डॉक्टरांना दाखवा, टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. झोपताना पाय सारखे हलवत असेल आणि दिवसभर दूधच जास्त, जेवण कमी असं असेल तर लोह तपासून घ्या. हे काहीच नसेल तर वर दोघांच्या आईने लिहिलंय तेच मीही सांगितलं असतं.

एक भर घालते, उजेडाची. संध्याकाळी मुलांचं मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, वाढायला लागतं आणि झोप येते, पण मुलांच्या डोळ्यांवर उजेडाचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो. २०१८ मध्ये कोलोरॅडोत एक छोटा अभ्यास झाला, ३ ते ५ वयाची दहाच मुलं होती, त्यांना झोपायच्या आधी तासभर खालून प्रखर उजेड येणाऱ्या टेबलावर चित्रं रंगवायला बसवलं, तर मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी खाली आलं, आणि उजेड काढून पन्नास मिनिटं झाली तरी बहुतेकांचं परत वर आलं नव्हतं. तेव्हा साडेआठनंतर मोठे दिवे बंद, एकच मंद पिवळा दिवा. टीव्ही आणि मोबाईल त्याच्या आसपास पण नको, बाकीच्यांचा चालू असला तरी त्याच्या डोळ्यात तो उजेड जातोच.

नातवाची_आजी

सायली बाळा, मी तुझ्या सासूबाईंच्या जागेवर आहे म्हणून लिहिते. माझा नातू पावणेदोनचा, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात माझ्याकडे असतो. माझं वय ६३, गुडघे दुखतात. सून चांगली आहे, तीही एक दिवस म्हणाली, आई याला चारलाच उठवा ना. मी हो म्हटलं आणि आत जाऊन मला रडू आलं.

का ते सांगते. तो झोपतो ना, ते दोन तास मी पाठ टेकते. सकाळपासून त्याच्या मागे, त्याचं खाणं, आंघोळ, पडेल का, काही तोंडात घालेल का, बाथरूमला जाताना पण दार उघडं ठेवते. तो झोपला की आधी पंधरा मिनिटं नुसती त्याच्या शेजारी बसून राहते, मग आडवी होते. मी त्याला उठवत नाही ते लाडाने नाही गं, माझं अंग उठत नाही.

त्यामुळे तुझ्या सासूला झोपेचं शास्त्र सांगू नकोस आधी. आधी विचार, आई, दुपारी तुम्हाला पडायला मिळतं का. आणि मग झोप वर घेतलीस तर तिची विश्रांती पण वर घे. साडेबाराला तो झोपला तर तिचंही साडेबाराच्या आत आवरलेलं पाहिजे, नाहीतर तो झोपेल आणि ती ओट्याशी उभी असेल. आणि तो पावणेतीनला उठल्यावर तू येईपर्यंत चार तास आहेत, ते तिने कसे काढायचे ते तुम्ही दोघांनी बघा. माझ्या मुलाने शेजारची कॉलेजची मुलगी चार ते सहा नातवाला खाली खेळवायला लावून दिली, तेव्हापासून मी त्याला स्वतःहून उठवते.

सायली_क

आजी, तुमचं वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले दहा मिनिटं. मला खरंच एकदाही सुचलं नाही विचारायचं. आज विचारते.

दोघांची_आई

आजी, नमस्कार तुम्हाला. सायली, काय झालं ते लिही नक्की.

सायली_क

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

त्या रात्री सासूबाईंना विचारलं. त्या आधी म्हणाल्या मला काही होत नाही, मग थोड्या वेळाने म्हणाल्या कंबर भरून येते गं दुपारनंतर. सकाळचं सगळं आता नवरा आणि मी निघायच्या आधी उरकून ठेवतो, त्यांनी फक्त त्याला भरवायचं. तो पाऊणला झोपतो, त्याही झोपतात, गजर पावणेतीनचा लावलाय. नवऱ्याने ऑफिसात बोलून आठवड्यातून दोन दिवस पाचला यायचं जमवलंय. बाकीचे तीन दिवस अजून ओढाताण आहे, समोरच्या काकू तासभर घेऊन जातात पण त्या गावाला गेल्या की काय ते माहीत नाही.

घोरत नाही तो, तीन रात्री जागून बघितलं. पहिला आठवडा फार वाईट गेला. सकाळी सातला उठवलं की रडायचा आणि दुपारी वर घेतली तर बदक फेकून द्यायचा. अकराला अंथरुणात न्यायचं हे नवऱ्याला पटतच नव्हतं, पण दुसऱ्याच रात्री दहा मिनिटात झोपला. मग पावणेअकरा, साडेदहा असं करत आता साडेनऊला आलोय. मध्ये दोन दिवस सर्दी झाली तेव्हा पुन्हा साडेदहा झाले होते.

झोपवतो नवरा. मी बाहेर बसते आणि आतून ऐकू येतं, तो गोष्ट सांगतो आणि सशाच्या जागी चुकून दुसराच प्राणी आणतो आणि हा त्याला दुरुस्त करत बसतो. काल आवाज बंद झाला म्हणून डोकावून बघितलं तर बाबाचा कान धरून झोपला होता. दिवा त्यानेच बंद केला म्हणे, स्टुलावर चढून.

पहाटे चारला उठून आमच्या खोलीत येतो हे मात्र नवीन सुरू झालंय, बदक घेऊन येतो आणि माझ्या पायाशी आडवा होतो. याचं कुणाला काही माहीत असेल तर सांगा, का सध्या राहू देऊ?