दिवा गावच्या केबल टीव्ही लाईनला चौकोन पडतायत, फायबरमधला उजेड वाढवणारा कमी नॉइजचा ईडीएफए सुचवा (बजेट ३० हजार)

कळवा_केबल:
नमस्कार मंडळी. कंट्रोलरूम कळव्यात, वरून सिग्नल ० डीबीएम (उजेडाची ताकद, १ मिलिवॉट) येतो. तिथे उजेड चार फायबरमध्ये वाटणारा चार पायांचा कपलर, तीन पाय कळव्यातल्या तीन नोडना (उजेडाचा केबल सिग्नल करणारे डबे), चौथा ८ किलोमीटर फायबरने दिव्याला. तिथे पत्र्याच्या खोलीत १६ डीबीएमचा ईडीएफए, पुढे आठ नोड. नोडवर एमईआर (सिग्नल किती स्वच्छ त्याचा आकडा, जास्त तितका चांगला) २८ आणि शेवटच्या घरात जेमतेम २४, दुपारी तर चित्राचे तुकडेच होतात. माणसं डिश लावायच्या गोष्टी करायला लागलीत. ३० हजारात कुठला घेऊ?

घणसोली_नेट:
३० मध्ये काही येत नाही दादा. मी दिवाळीत २२ डीबीएमचा आठ पोर्टवाला घेतला, साठच्या वर गेले, पण टीव्ही आणि इंटरनेट एकाच फायबरवर, डबल पॉवर सप्लाय, आजपर्यंत एक कम्प्लेंट नाही. पॉवर वाढवा, सगळं सुटेल.

वर्तकनगर_केबल:
आधी कनेक्टर पुसा. मी चालू मशीनचा आउटपुट पॉवर कमी न करता काढला आणि तसाच परत लावला, स्कोपखाली बघितलं तर टोकाच्या मधोमध काळा ठिपका, जळलेलं. मशीन पंधरा दिवस बाहेर, लोकांच्या शिव्या मी खाल्ल्या. आणि हिरव्यात निळा कनेक्टर घुसवलाय का बघा, हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं, निळ्याचं सरळ, मध्ये फट राहते, लॉसही होतो आणि उजेड परतही फिरतो. टोकात डोळा घालू नका, १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड दिसत नाही पण डोळा जातो.

लॅबवाली_ऐरोली:
मी इंजिनिअरिंगला ऑप्टिकल कम्युनिकेशन शिकवते. पॉवर वाढवून हे सुटणार नाही. मशीनच्या आतल्या फायबरमधलं एर्बियम हे मूलद्रव्य सिग्नल वाढवताना स्वतःचाही उजेड सोडतं, तोच तुमचा नॉइज. आत येणारा सिग्नल जितका बारीक तितका तो वरचढ होतो, आणि पुढे दोन्ही एकत्रच वाढतात. चांगल्या मशीनची नॉइज फिगर, म्हणजे मशीन किती नॉइज घालतं तो आकडा, ५ डीबीच्या आसपास असते आणि सिग्नल एवढा वाढवताना ती ३ च्या खाली जाऊच शकत नाही, म्हणजे कितीही भारी मशीन घेतलं तरी हातात फार तर २ डीबी येणार. उलट मशीनच्या आधी जेवढा लॉस, तेवढी नॉइज फिगर सरळ वाढते. इनपुटला किती मिळतंय? पंपचा, म्हणजे एर्बियमला ताकद देणाऱ्या लेझरचा, करंटही बघा, पंप थकला असेल तर सर्व्हिसिंग करून घ्या.

जुना_टेक्निशियन:
१४८० नॅनोमीटर पंपवालं घ्या, पॉवर दणदणीत देतं, माझं अजून चालू आहे.

लॅबवाली_ऐरोली:
पॉवरचं खरं आहे. पण १४८० चा पंप एर्बियमच्या अणूंना वर चढवतो तसाच काहींना परत खालीही आणतो, म्हणून नॉइज जास्त. ९८० ला तो त्रास नाही. दोन टप्प्यांच्या मशीनमध्ये पुढे ९८० आणि मागे १४८० ठेवतात ते त्यासाठीच.

घणसोली_नेट:
पत्र्याच्या खोलीत कुठलंही मशीन तापणारच, एसी लावा. आणि मी सांगतो तोच घ्या.

वर्तकनगर_केबल:
एसीचं बिल कोण भरणार, चांगला पंखा पुरतो. कनेक्टर पुसले का?

कळवा_केबल:
पुसले. आधी इनपुटला उणे ११ होतं, आता उणे ९.५. मशीनवर इनपुट रेंज उणे ५ पासून पुढे लिहिलीय, इतकी वर्षं मी ती बघितलीच नव्हती. मॅडम म्हणाल्या मशीनच्या आधीचा लॉस, तर माझ्याकडे ७ डीबी एकटा कपलरच खातो. नवं घेत नाही, सर्व्हिसिंगलाही देत नाही. हेच मशीन कळव्याला आणून कपलरच्या आधी लावतो.

घणसोली_नेट:
मग कळव्याची लाईट गेली की दिवासकट सगळं बंद. मी नसतं केलं.

वर्तकनगर_केबल:
थांबा, कळव्याच्या नोडना आता सरळ ९ डीबीएम जाईल, रिसिव्हर उडतील. आधी उजेड कमी करणारे १० डीबीचे पॅड लावा, मग मशीन चालू करा.

कळवा_केबल:
पॅड लावूनच चालू केलं, तिन्ही नोडना उणे १. दिव्याच्या नोडना उणे ४ येतं, पूर्वीपेक्षा कमी, पण एमईआर ३३. काल भर दुपारी शेवटच्या घरात मीटर लावला, २९, काकूंची सिरियल एकदाही फुटली नाही. घणसोलीचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून उरलेल्या पैशात कळव्याला दुसरी बॅटरी घेतोय. १५० एएचची कुठली चांगली?

घणसोली_नेट:
१५० कशाला, २०० च घ्या.