तालुक्यातील बेघरांची एकच यादी आणि प्रत्येक नावामागे एकच जबाबदार माणूस असावा का? (चर्चेचा धागा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

वर्धाकाठ

घरकुल ग्रामपंचायतीकडे, निराधारांचे अनुदान व शिधापत्रिका तहसील कार्यालयाकडे, उपचार ग्रामीण रुग्णालयाकडे आणि वाट चुकलेल्या मनोरुग्णाची जबाबदारी पोलीस ठाण्याकडे, अशी आपल्याकडे कामाची वाटणी आहे. ज्याच्या डोक्यावर छप्परच नाही त्याला मात्र या प्रत्येक दारात सर्वप्रथम पत्ता विचारला जातो, आणि पत्ता नाही म्हणून पुढच्या दाराकडे बोट दाखवले जाते. माझी मागणी अशी आहे की प्रत्येक तालुक्यात बेघर व्यक्तींची एकच संयुक्त यादी असावी, तहसीलदार, गटविकास अधिकारी, वैद्यकीय अधीक्षक आणि ठाणेदार यांनी दरमहा एकत्र बसून ती नावानिशी वाचावी, आणि यादीतील प्रत्येक नावापुढे एका कर्मचाऱ्याचे नाव लिहिलेले असावे, म्हणजे त्या माणसाचे पुढे काय झाले हे कोणाला विचारायचे ते ठरलेले राहील.

बेघर म्हटले की नागपूरचा उड्डाणपूल डोळ्यांपुढे येतो. परंतु २०११ च्या जनगणनेत देशात मोजल्या गेलेल्या सुमारे १७ लाख ७३ हजार बेघरांपैकी ८ लाख ३४ हजारांहून अधिक माणसे ग्रामीण भागातील होती, म्हणजे जवळजवळ निम्मी. शहरांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवारा केंद्रांची तरतूद झाली आणि दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय करण्याचे निकष ठरले. खेड्यांसाठी असे निवारा केंद्र कोणत्याही योजनेत नाही.

आमच्या भागातील एका वृद्ध सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याची, गोष्ट सांगते. त्यांचे उभे आयुष्य मालकाच्या शेतातल्या कोठ्यात (गोठ्यात) गेले. मालकाच्या मुलांनी शेत विकले तेव्हा कोठाही गेला, आणि आता ते एसटी स्टँडच्या मागच्या शेडमध्ये झोपतात. खताच्या रिकाम्या पिशवीत त्यांनी आपले कागद गुंडाळून ठेवले आहेत. मतदान कार्डावर जुन्या गावाचे नाव आहे, शिधापत्रिका बंद पडलेली आहे, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक मालकाच्या मुलाचा आहे, आणि आयुष्यभर विळा-पास धरल्यामुळे बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. वयाने ते श्रावणबाळ योजनेच्या दरमहा १,५०० रुपयांना पात्र आहेत. परंतु ठसे, मोबाइल क्रमांक, रहिवासी दाखला आणि बँक खाते या चार गोष्टी चार ठिकाणी आणि विशिष्ट क्रमानेच कराव्या लागतात, आणि तो क्रम त्यांना समजावून सोबत जाणारे कोणी नाही. पैशाची तरतूद असूनही ती या माणसापर्यंत पोहोचत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

माजी सरपंच

ताई, तुमची कळकळ मान्य आहे, पण उपाय मान्य नाही. तालुक्यात समित्यांचा तुटवडा नाही. आणखी एक समिती नेमली तर बैठकीचा कागद वाढेल आणि ग्रामसभेच्या हातातला विषय तहसीलच्या कपाटात जाईल. आपल्या गावात कोण उघड्यावर झोपतो हे गावाला ठाऊक असते, त्यासाठी यादी लागत नाही.

खरा अडसर जागेचा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात घरासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, पारध्यांसाठी पारधी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. परंतु ही सर्व रक्कम भिंती उभ्या करण्यासाठी आहे आणि त्या भिंतींना २५ चौरस मीटर का होईना, पण जागा लागते. ज्याच्या नावाने नमुना आठला (ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत) ओळच नाही त्याचे नाव घरकुलाच्या ‘ड’ यादीत आले तरी पुढे सरकत नाही. जागा विकत घेण्यासाठी दीनदयाळ उपाध्याय योजनेतून अर्थसाहाय्य मिळते, पण रस्त्यालगतच्या गावांत त्या रकमेत कोणी जागा देत नाही. गावाला लागून ई-क्लासची (सरकारी गायरान) जमीन असते, तिच्यावरची मागणी महसूल खात्याकडे वर्षानुवर्षे पडून राहते. तहसीलदारांना काही करायचे असेल तर त्यांनी या मागण्या निकाली काढाव्यात. जागा मिळाली तर पुढचे काम ग्रामपंचायत करू शकते, आणि जागा मिळाली नाही तर दरमहा यादी वाचून काहीही साधणार नाही.

आणखी एक भीती बोलून दाखवतो. तालुक्याच्या गावी निवारा उघडला की आसपासची गावे आपापली नकोशी माणसे तिकडे पोहोचवून मोकळी होतील.

परिचारिका, ग्रामीण रुग्णालय

सरपंच साहेब, जागा मिळाली की पुढचे काम होते हे हातपाय धड असलेल्या कुटुंबाबाबत खरे असेल. मी पाहते ती माणसे बहुतेक एकटी, आजारी किंवा मनाने खचलेली असतात. त्यांना कोऱ्या जागेचा ताबा दिला तरी ती घर बांधू शकणार नाहीत, कारण घरकुलाचे पुढचे हप्ते मिळण्यासाठी आधी पायाचे काम पूर्ण करावे लागते.

पायाची जखम घेऊन आलेल्या माणसाला आम्ही बरे वाटल्यावर सुटी देतो. कार्डावर ‘दर दोन दिवसांनी ड्रेसिंग, पाय कोरडा ठेवणे’ असे मी स्वतःच्या हाताने लिहिते, आणि तो बाजाराच्या ओट्यावर परत जाणार हे लिहितानाच मला माहीत असते. आठवड्याभरात जखम चिघळून तोच माणूस परत येतो. क्षयरोगाचे तर विचारूच नका. औषध किमान सहा महिने चालते, पोषणासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात येतात, पण खातेच नसेल आणि रुग्ण कोणत्या गावी आहे हे आशाताईंना कळत नसेल, तर औषधाची पुडी त्याच्यापर्यंत न्यायची कोणी?

कायद्याकडेही लक्ष वेधते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या भटक्या मनोरुग्ण व्यक्तीला २४ तासांच्या आत नजीकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायचे असते, आणि तिला दाखल करण्याची गरज नसेल व ती बेघर असेल, तर बेघरांसाठीच्या शासकीय आस्थापनेत पोहोचवायचे असते. अशी आस्थापना आपल्या तालुक्यात कुठे आहे? ठाणेदार आमच्याकडे आणतात, आम्ही नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे पाठवतो, आणि तेथून बरी होऊन आलेली बाई पुन्हा त्याच चौकात उतरते, कारण तिला कोठे उतरवायचे हे कोणीच ठरवलेले नसते. दहा-बारा खाटांची एक जागा आणि सुटी होण्यापूर्वी उचलायचा एक फोन, एवढे असते तर त्यांपैकी किती जणी आज औषधावर स्थिर राहिल्या असत्या.

पारावरून

मी या मागणीच्या विरोधात आहे आणि माझा विरोध पैशापुरता नाही. म्हातारी माणसे रस्त्यावर येतात ती बहुतांशी पोटच्या मुलांनी टाकल्यामुळे. शेत नावावर करून घ्यायचे आणि माणूस बाहेर काढायचा, हे आपल्या डोळ्यांसमोर घडते. सरकारने फुकट निवारा उघडला की अशा मुलांना मोकळे रान मिळेल.

दुसरे असे की ही सेवा विदर्भाला कोणत्याही खात्याने शिकवलेली नाही. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ हे सूत्र आहे, आणि त्यांनी लोकवर्गणीतून पंढरपूरपासून मुंबईपर्यंत धर्मशाळा उभ्या केल्या. अमरावतीचे तपोवन दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी उभारले, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन वसवले, आणि वझ्झरला शंकरबाबा पापळकर बेवारस दिव्यांग मुलांचे बाप झाले. ही कामे माणसांच्या निष्ठेवर उभी राहिली. पगारी कर्मचाऱ्याची बदली झाली की त्याच्या यादीतल्या माणसांचे काय होणार?

वर्धाकाठ

पारावरून काका, मुलांची जबाबदारी टळावी असे मीही म्हणत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात उपविभागीय स्तरावरचे न्यायाधिकरण निर्वाहभत्ता ठरवू शकते, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवून देऊ शकते, आणि अर्ज आलेला नसतानाही स्वतःहून दखल घेऊ शकते. पण मंदिराच्या ओसरीत झोपणाऱ्या आजीबाईंची खबर उपविभागीय अधिकाऱ्यांपर्यंत जाणार कशी? तुम्हाला ज्या मुलांना जाब विचारायचा आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता त्या यादीतूनच जातो. शिवाय वर ज्यांचे मी सांगितले, त्या सालदारबाबांनी लग्नच केले नव्हते. ते कोणत्या मुलाच्या दारात जाणार?

शंकरबाबांचे नाव तुम्ही घेतले ते योग्यच केले. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्यांची जुनी मागणी काय आहे तेही आठवावे. बेवारस दिव्यांग मुले अठरा वर्षांची झाली की त्यांना बालगृहात ठेवण्याची मुदत संपते, म्हणून त्यांच्या पुढच्या पुनर्वसनासाठी कायदा करावा, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. एवढे आयुष्य या कामाला वाहिलेला माणूसही शासनाकडे कायदा मागतो, कारण आपल्या पश्चात काय ही चिंता एकट्याच्या निष्ठेने मिटत नाही.

सरपंच साहेब, जागेबाबत तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि नेमक्या त्याच कारणासाठी तहसीलदार त्या बैठकीत हवेत. ई-क्लासची फाईल त्यांच्या कार्यालयातून पुढे जाते, घरकुलाची गटविकास अधिकाऱ्यांकडून, आणि दोघांनी एका टेबलाशी बसून एका माणसाच्या नावावर निर्णय घेतल्याचे मी अजून पाहिलेले नाही. मोठ्या निवाऱ्याचा माझा आग्रह नाही. प्रत्येक महसूल मंडळाच्या गावी वापरात नसलेली एखादी शाळाखोली किंवा समाजमंदिर दुरुस्त करून चार-पाच जणांची सोय केली, तर माणूस आपल्या ओळखीच्या मुलखातच राहील आणि तुम्ही म्हणता तशी गर्दी तालुक्याला होणार नाही.

बेड्याबाहेर

मी फासेपारधी समाजातला आहे. आमच्या बेड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, निम्मी घरे पालाची आहेत, त्यामुळे या धाग्यात चाललेली चर्चा आमच्याबद्दलच आहे, आणि माझी हरकत अजून कोणी मांडलेली नाही.

यादी आणि ठाणेदार एका खोलीत, हे वाचून मला धास्ती वाटली. १८७१ मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमच्या आज्या-पणज्यांची नावे नोंदवहीत घातली, हजेरी लावली, आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही गावात चोरी झाली की पहिली झडती बेड्यावर होते. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे, त्यामुळे पोट भरायला हात पसरणाऱ्याला पोलीस उचलू शकतात. तुमच्या मनात मदतीची यादी असेल, पण नाव आणि झोपण्याची जागा लिहिलेला कागद एकदा ठाण्यात गेला की तो कशासाठी वापरला जाईल याची हमी कोण देणार? घर आम्हालाही हवे आहे. आमची मुले पावसाळ्यात रात्रभर पालाची दोरी धरून बसतात. पण झडतीची भीती असेल तर आमच्या बाया नाव सांगणार नाहीत, आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तीच माणसे तुमच्या यादीबाहेर राहतील.

माजी सरपंच

हा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता आणि तो माझ्या आक्षेपापेक्षा वजनदार आहे. समितीला माझा विरोध कायम आहे, पण बैठक घ्यायचीच ठरली तर पोलिसांना फक्त मनोरुग्ण आणि हरवलेल्या व्यक्तींच्या प्रकरणापुरते बोलवावे आणि मूळ यादी त्यांच्याकडे जाऊ नये. तसेच ग्रामसभेच्या ठरावाशिवाय कोणत्याही गावची जागा निवाऱ्यासाठी घेतली जाऊ नये.

वर्धाकाठ

पहिली अट मी लगेच स्वीकारते. नाव नोंदवायचे ते त्या व्यक्तीच्या संमतीने, यादी ठेवायची ती पंचायत समितीत, आणि ठाण्याकडे ती जाणार नाही असे या मागणीच्या निवेदनात स्पष्ट लिहू. दुसरी अट मात्र मला मान्य नाही. बेड्याला जागा देण्याचा ठराव ग्रामसभेत आला आणि गावाने तो फेटाळला, असे घडलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. ग्रामसभेचे मत जरूर घ्यावे, पण नकाराची लेखी कारणे द्यावी लागावीत आणि त्यावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील असावे.

बेड्याबाहेर

अपील असेल तर निवेदनावर माझी सही धरा. पण सालदारबाबांसारख्या माणसासोबत कार्यालयात जाणारा जो कर्मचारी तुम्ही म्हणता, तो आमच्या बेड्यासाठी आमच्यातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी असावी, आणि तिला मानधन मिळावे. हेही त्यात लिहा.